चौथं पान

१

पाहुणे हात धुवायला अंगणात गेले की उष्टी काढायची, हे काम माझं. रुपालीनं ते मला कधी सांगितलं नाही, मीच धरलं. रुपाली माझी सून. ती सकाळपासून चुलीपुढं असते. मुलगा हर्षल शिर्डीत फुलांचा टेम्पो चालवतो, रविवारी त्याला पाणी प्यायला फुरसत नसते. मग घरात उरतो मी आणि झोळीतला अंगद. अंगद माझा नातू. त्याच्याकडून काही काम होत नाही, माझ्याकडून फार होत नाही.

आमचं घर शिर्डीहून कोपरगावकडं जाताना डाव्या हाताला, उसाच्या आत आहे. रुपाली आधी शिर्डीत एका हॉटेलात भाजी चिरायला जायची. तिच्या हाताला चव, पण तिथं कढईजवळ बाईला उभं करत नसत. अंगदच्या वेळी तिनं ते सोडलं, आणि तो मान धरायला लागला तसं एक दिवस म्हणाली, "आबा, मी दर रविवारी लोकांना घरीच जेवाया बोलवते. पैसं घेऊन. दर्शनाला आलेली लोकं हॉटेलातल्या पनीरला लई कटाळल्यात."

घरी जेवणाऱ्याकडून पैसे घ्यायचे हे मला पचलं नाही. पण माझी बायको मुक्ता गेल्यापासून या घरात चार माणसं एकत्र बसून जेवली नव्हती. मी आडवा आलो नाही.

पहिलंच बुकिंग तिघांचं आलं. नाशिकचं जोडपं आणि त्यांची आई. रुपालीनं बैठकीत तीन पाट टाकले.

"तीन पानं मांडू नको," मी म्हणालो. "आपल्यात मांडत न्हाईत."

"मग तुमी बसता का चौथे?"

"मी कशाला पाहुण्यांत? नुसतं मांड. समदं वाढ. आला-गेला कुनी असंल त्याचं."

"उसातनं कोन येतंय आबा? कोल्हा?"

हसली, पण तिनं चौथं पान मांडलं. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याची आमटी, मासवडी, ठेचा. पाहुण्यांनी विचारलं, हे कुणाचं? रुपाली म्हणाली, येणाऱ्याचं. जोडप्यातल्या बाईला ते इतकं आवडलं की तिनं स्वतःच्या ताटाआधी त्या ताटाचा फोटो काढला.

ते उठल्यावर मी उष्टी काढायला गेलो. चौथं ताट वाढलं होतं तसंच होतं. फक्त कडेला, मिठाच्या शेजारी, एक घास ठेवलेला होता.

चावलेला घास. भाकरी, आमटी आणि मासवडीचं सारण, सगळं एक होऊन राखाडी झालेलं. त्यावर लाळेची तार होती आणि ती अजून तुटली नव्हती.

म्हातारीला चावलं नसेल, तिनं काढून ठेवला असेल, असं मी मनाला सांगितलं. माझ्या तोंडात एकही दात नाही, मला म्हातारपण कळतं. पण ताट उचलताना माझं बोट त्या घासाला लागलं. तो गरम होता. आमटी तर केव्हाच निवली होती. मी मोरीवर जाऊन ते बोट राखेनं घासलं, मग पुन्हा घासलं.

२

बुकिंगं वाढली. मोबाईलवर त्या चौथ्या पानाचा फोटो फिरला म्हणे. लोक यायचे ते आधी तेच विचारायचे. मग पाहुणे चार असोत की दहा, रुपाली एक पान जास्त मांडायचीच. दारावर पाटी लावली, तीवरही तेच नाव रंगवलं, चौथं पान. ती खूश होती. हॉटेलात तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती. आता हैदराबादची माणसं तिला रुपालीताई म्हणत होती आणि ठेच्याची रीत विचारत होती.

आणि दर वेळी त्या ताटाच्या कडेला घास असायचा.

पहिले काही रविवार मी कारणं शोधली. पोरं खोड्या करतात. एखाद्या बाईचा उपास असेल, लक्षात आल्यावर तोंडातलं काढलं असेल. पण पाहुणे सगळे तरणे, सगळ्यांचे दात धड, आणि पोर एकही नाही, अशा दिवशीसुद्धा तो होता. नंतर एकाचे दोन झाले, दोनाचे चार. ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर अंगठा दाबल्याची खूण, जशी लाडू वळताना उमटते.

मी साखर कारखान्यात राबलो. रोलरमधून निघालेला चोथा जन्मभर बघितला. चोथा कोरडा असतो, त्यातलं जे घ्यायचं ते मशीननं घेतलेलं असतं. हे तसं नव्हतं. यातलं काहीच घेतलेलं नव्हतं. कुणीतरी सगळं नीट, सावकाश चावलं होतं आणि न गिळता दुसऱ्यासाठी ठेवलं होतं.

वास यायचा. नासल्याचा नाही. सकाळी उठून कुणीतरी तोंड न धुता अगदी जवळ येऊन बोललं की येतो तसा. मी ताट लांब धरून, नाकाला उपरणं लावून घास उकिरड्यावर टाकायचो. रुपालीला काही बोललो नाही. तिचं आत्ता कुठं नीट चाललं होतं.

३

माझं जेवण पाहुण्यांनंतर. रुपाली माझं ताट वाढून स्वयंपाकघरात फडताळावर झाकून ठेवते. सगळी आवराआवर झाली की मी पायरीवर बसून जेवतो. आमटीत कुस्करलेली भाकरी, म्हणजे काला. मुक्ता मला असाच करून द्यायची.

श्रावणातली गोष्ट. पाहुणे गेले होते, रुपाली अंगदला पाजत बसली होती. मी जेवून ताट मोरीत ठेवलं आणि म्हणालो, "अलीकडं तूच काला कुस्करून ठिवतीस पोरी, लई मऊ. गिळायला तरास पडत न्हाई."

"मी कुठं करते?"

"मग?"

"आबा, मी अख्खी भाकरी ठिवते. तुमीच कुस्करता की. पहिल्यापासनं तसंच हाय."

मी तिच्याकडं बघत राहिलो. ती अंगदच्या तोंडाकडं बघत होती.

"आज बी अख्खी ठिवली हुती?"

"अख्खी. पापुद्रा बी फोडला न्हवता. काय झालं?"

काही नाही म्हणालो. मागच्या दारानं उसाच्या बांधापर्यंत गेलो आणि तिथं घशात बोटं घातली. आलं ते मी बघितलं. बघायला नको होतं. जसं खाल्लं होतं तसंच होतं, राखाडी, मऊ, एकजीव. पोटात गेलं म्हणून त्यात काही फरक पडला नव्हता. ते आधीच होऊन आलेलं होतं.

किती रविवार मी ते जिभेवर घोळवलं होतं. वर कौतुकही केलं होतं.

मुक्ताचा विचार आला. का येणार नाही? पण मुक्ता हातानं कुस्करायची, तोंडानं नाही. आणि ती मिश्री लावायची, तिच्या श्वासाला तंबाखूचा वास असायचा. तो मला आजही कुठूनही ओळखता येईल. हा वास तिचा नव्हता. हा वास मी कुणाच्याच तोंडाजवळ घेतलेला नव्हता.

४

पुढच्या रविवारी मी बैठक आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसलो. अंगदची झोळी तिथंच, हाताशी.

पाहुणे जेवत होते. माणसं जेवताना किती आवाज करतात हे कधी नीट ऐकावं. भुरके, मचमच, बोटं चाटणं. मी इतकी वर्षं पंगतीत वाढलं, कधी किळस आली नव्हती. त्या दिवशी मला प्रत्येकाचं तोंड आतून दिसायला लागलं.

जेवणं झाली. रुपाली सगळ्यांना ऊस दाखवायला घेऊन गेली, त्यांना फोटो हवे होते. बैठक रिकामी झाली.

मचमच थांबली नाही.

एकच उरली होती. सावकाश. जबडा एका बाजूनं सरकतो तेव्हा कट् असा बारीक आवाज होतो, तो प्रत्येक चावण्याच्या शेवटी. मी चौथ्या ताटाकडं बघत होतो. पाट रिकामा. वर पंखा फिरत होता, बाहेरून रुपालीचं हसणं येत होतं, उजेड तर लख्ख. मी स्वतःला म्हणालो, छगन, तुझे कान गेलेत, कारखान्यानं खाल्लेत. तेवढ्यात आमटीवरचा तवंग हलला आणि भाकरीचा पापुद्रा ओला होऊन खाली बसला, तो वर आलाच नाही.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ताटाच्या कडेला घास होता, आणि त्यावर अंगठ्याची खूण उमटत होती. खोलगट, लांब. माझ्या दोन अंगठ्यांएवढी लांब.

५

"चौथं पान मांडू नको," मी रुपालीला म्हणालो.

"तुमीच तर सांगितलं हुतं!"

"तवा तीन माणसं हुती."

"आबा, लोकं त्याच्यासाठी येत्यात. पाटीवर हाय नाव. पुण्याच्या रेश्माताई येणार हायेत दिवाळीनंतर, त्यांचं मोठं हॉटेल हाय. त्यांनी तेच बघितलं. आता काढू म्हनता?"

"एकडाव काढून तर बघ."

मी कधी काही मागत नाही, म्हणून तिनं ऐकलं. त्या रविवारी चौथं पान मांडलं नाही. माझं ताटही मी ठेवू दिलं नाही, पेज प्यायलो. पाहुण्यांनी पानाचं विचारलं, रुपालीनं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. माझ्याकडं रागानं बघितलं. उष्टी काढली, सगळी ताटं नेहमीसारखी. कुठंच काही नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी भांडी घासताना गुणगुणत होतो.

अंगद झोळीत किरकिरत होता. मग गप्प झाला.

ते गप्प होणं मला आवडलं नाही. झोपणारं पोर हळूहळू थांबतं. हा मध्येच थांबला, तोंडात काहीतरी दिल्यासारखा.

मी ओल्या हातानं धावलो, झोळी फाकवली. अंगद जागा होता, डोळे मोठे, मजेत. गाल फुगलेले. अजून त्याचं उष्टावण झालं नव्हतं, आईच्या दुधाशिवाय त्याला काही माहीत नव्हतं. हनुवटीवरून राखाडी लाळ झोळीच्या लुगड्यावर गळत होती.

मी बोट घातलं आणि काढत गेलो. भाकरी. मासवडीतले तीळ. पुन्हा भाकरी. इवल्याशा तोंडात इतकं मावलं कसं? सगळं गरम, सगळं चावलेलं. माझं बोट बाहेर येताना तो हिरड्यांनी धरत होता, अजून दे म्हणून.

रुपाली दारात उभी होती.

"आबा," ती म्हणाली. "तुमी त्याला भरवलं?"

मी तिच्याकडं बघितलं. खरं सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं? याच घरात तिला राहायचं होतं, याच चुलीवर तिला नाव काढायचं होतं.

"व्हय," मी म्हणालो.

"तुमच्या तोंडातलं?"

"व्हय."

तिनं अंगदला उचललं, पदरानं त्याची जीभ पुसली, खरवडून पुसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "शी, आबा." एवढंच. पण मला ते लागलं.

६

नंतरच्या रविवारी मीच पाट टाकला. चौथं पान मांडलं, हातानं वाढलं.

मला एवढंच कळलं होतं की या घरात दात नसलेले दोघंच आहेत. एकाला मिळालं नाही की दुसऱ्याला मिळतं. मग मला मिळू दे.

पाहुणे उठले की मी ताट मोरीच्या आडोशाला न्यायचो आणि ते घास खायचो. आधी उकिरड्यावर टाकायचो, पण तेव्हा तो काला माझ्या पोटात जात होता; आता टाकले तर चाललं असतं का, ते मी करून बघितलं नाही. अंगदवर कसं बघणार? डोळे मिटून गिळायचो. ते जिभेवर पसरायचं, कोमट, बुळबुळीत, त्यात ज्यानं चावलं त्याची लाळ. कधी केसासारखं काही घशाशी अडकायचं, ते बोटानं ओढून काढायचो. ओकारी यायची, ती परत गिळायचो. मग झोळीपाशी जाऊन अंगदचं तोंड उघडून बघायचो. रिकामं असायचं. गुलाबी, स्वच्छ. दुधाचा वास. मी तिथं बसून तो वास घेत राहायचो, बरं वाटायचं.

उष्टावण झालं. रुपालीच्या भावानं चांदीच्या वाटीतून खीर भरवली. रुपाली माझ्याशी पुन्हा बोलायला लागली होती, पण अंगदला मांडीवर द्यायची तेव्हा माझ्या तोंडाकडं बघायची.

एक दिवस ती मला नगरला घेऊन गेली. कशाला ते सांगितलं नाही. दातांच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात मेणासारखं काहीतरी घालून माप घेतलं. कवळी! तिच्या स्वतःच्या कमाईतून, पहिली मोठी खरेदी.

"आता काला कुस्करायला नको, का दुसऱ्यासाठी चावायला नको," ती म्हणाली. टोमणा होता, पण हात माझ्या खांद्यावर होता.

कवळी आली. मी ती डबीत ठेवली. हिरड्यांना टोचते म्हणालो. ती हिरमुसली. तिला कसं सांगू, की मी दात लावले तर घरात बिनदाताचा एकटा अंगदच उरेल?

मी रोज त्याच्या हिरडीवर बोट फिरवायचो.

७

"आबा! वाजलं! या लवकर, वाजलं!"

रुपाली अंगदला वाटीनं पाणी पाजत होती. वाटीची कड हिरडीला लागली की टिक् वाजत होतं. खालच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढा दात. मी वाटी घेऊन स्वतः वाजवून बघितलं. रुपाली हसत होती, तिला वाटलं म्हाताऱ्याला कौतुक. होतंच.

दुसराही आला. त्यानंतर चौथं ताट तसंच्या तसं परत यायला लागलं. कडेला काही नाही. आमटीवर साय धरलेली, भाकरी अख्खी. मी वास घेऊन बघायचो. नुसता काळा मसाला.

संपलं, असं मी धरलं. डबीतून कवळी काढून लावली. मी कितीतरी वर्षांनी भाकरीचा कडक पापुद्रा कुरुकुरु चावला, आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं.

मग त्या रेश्माताई आल्या, पुण्याच्या. सोबत दोघं-तिघं, मोबाईल काठीला लावलेले. बैठकीत पंगत बसली. रेश्माताईंच्या शेजारी छोट्या पाटावर अंगद, पाठीशी उशी, आणि त्याच्या पलीकडं ते पान. रेश्माताईंनी मासवडी खाल्ली, डोळे मिटले.

"रुपाली, तू पुण्याला ये. माझ्याकडं. महिन्यातून एक आठवडा किचन तुझं. बोर्डावर नाव तुझं. पण हे चौथं पान तिथं पण मांडायचं हं."

रुपाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. ती नुसती मान हलवत राहिली. तिचा चेहरा मी तसा लग्नातही बघितला नव्हता.

मी उंबऱ्यावर. अंगदच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो दोन दातांनी कुरतडत होता, हिरड्यांनी चघळत होता. मग त्यानं तोंडातलं बाहेर काढलं. राखाडी, ओलं. इवल्या अंगठ्यानं ते दाबलं.

आणि हात पलीकडं केला, चौथ्या पाटाकडं.

"अय्या, बघा, भरवतोय!" रेश्माताई हसल्या. सगळे हसले. मोबाईल तिकडं वळले.

हात हवेत थांबला होता. आपण कुणाला घास देतो आणि त्याचे ओठ बोटांवरून घास ओढून घेतात, तेव्हा बोटं कशी जवळ येतात आणि मग सुटतात, तशी अंगदची बोटं जवळ आली आणि सुटली. हात परत आला. रिकामा. मनगटापर्यंत ओला.

मी खाली बघितलं, पाटावर, ताटात, सतरंजीवर. घास कुठंच नव्हता. पंखा फिरत होता. हसण्याच्या खाली तो आवाज मला आला, पण आता त्यात कट् नव्हतं, दात नव्हते. नुसतं चोखणं होतं. अंगदनं भाकरी पुन्हा तोंडात घातली आणि घाईनं चावायला लागला, कुणीतरी उपाशी थांबलंय असा.

मी उठलो. कवळी काढली, उपरण्यात गुंडाळली. पंगतीमागून गेलो आणि चौथ्या पाटावर बसलो. पाट कोमट होता.

"आबा, आज पाहुण्यांत!" रुपाली दारातून हसत म्हणाली. "बसा, बसा."

मी अंगदपुढं वाकलो आणि माझं रिकामं तोंड उघडलं.

"मला भरव, बाळा. मला दे."

सगळे टाळ्या वाजवत होते. अंगदनं घास काढला, दाबला. माझ्या तोंडात बघितलं, लाडानं बघितलं. मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली, वर गेली, आणि हातही तिकडंच वर गेला.